मंडळी वाढत नाही, म्हणून माझे पाचारण खोटे ठरते का?

सलाम, पाळकसाहेब.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही तो कळेल. बीड जिल्ह्यातली लहानशी ख्रिस्ती मंडळी. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर तुम्ही तिथे गेलात, त्याला आता बरीच वर्षे झाली. उपासनेला तेव्हा जेवढी माणसे असायची तेवढीच आजही असतात. दिवाळी झाली की कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात आणि बाकांवर म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे उरतात. तरुण मुले तालुक्याच्या गावातल्या नव्या फेलोशिपला जातात, कारण तिथे की-बोर्ड आहे, ड्रम आहे, दर आठवड्याला नव्या साक्षी आहेत. वरिष्ठ कार्यालयाचा वार्षिक तक्ता आला की ‘नवे सभासद’ या रकान्यापाशी तुमचा हात थांबतो. आणि शेवटी तुम्ही विचारता: देवाने मला खरेच बोलावले असते, तर इतक्या वर्षांत काहीतरी दिसायला नको होते का?

दिसायलाच हवे असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. करिंथकरांना लिहिताना पौल कारभाऱ्याकडून एकच गोष्ट मागतो, तो विश्वासू असावा. त्याच पत्रात थोडे आधी तो म्हणतो की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवणारा देव. हे वचन आपण उपदेशात किती वेळा वापरतो! ते आपल्याच मंडळीला लागू करायची वेळ आली की मात्र वाढीचा हिशेब आपण स्वतःच्या नावावर लिहून घेतो. वाढली तर मी वाढवली, नाही वाढली तर मी बुडवली. दोन्ही लिहिणे चूकच.

अशा वेळी धीर देणारे लोक हमखास मिशनरी विल्यम केरींची गोष्ट सांगतात. केरी १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये उतरले आणि त्यांच्या हातून पहिल्या भारतीयाचा, कृष्ण पाल यांचा, बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात. मधली सात वर्षे रिकामी. ब्रह्मदेशात जडसन १८१३ ला पोचले, त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा १८१९ ला झाला. गोष्टी खऱ्या आहेत आणि मोठ्या आहेत. पण त्या सांगण्याची आपली रीत मला पटत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात एवढेच उरते की धीर धर, सातव्या वर्षी तुलाही मिळेल. म्हणजे आधीच्या सात वर्षांना किंमत आली ती शेवटच्या महिन्यामुळे. कृष्ण पाल आलेच नसते तर ती सात वर्षे वाया गेली असती का? या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर आपण यशालाच देव मानतो आहोत, फक्त त्याची वाट पाहायला तयार आहोत.

म्हणून तुम्हाला केरींपेक्षा आपल्याच मातीत पुरलेल्या एका माणसाची आठवण करून देतो. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या बेतात होते, कसेबसे राहू दिले. बरोबर आलेले सॅम्युअल नॉट आजारपणामुळे दोन-अडीच वर्षांत परत गेले. नंतर येऊन मिळालेले सॅम्युअल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेले. हॉल रस्त्यांत, बाजारांत, देवळांसमोर मराठीतून बोलत राहिले, शाळा काढत राहिले, नव्या कराराचे भाषांतर करत राहिले. तेरा वर्षांत हाती आलेले बाप्तिस्मे बोटांवर मोजावेत इतके. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिककडे गेले, तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी लोकांत वाटली, आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने २० मार्चला ते वारले. वय ४१. त्यांनी ज्यासाठी रक्त आटवले तो मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

पुढे १८३१ मध्ये नगरला मिशनचे ठाणे झाले, खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. तुम्ही आणि मी ज्या मंडळ्यांत वाढलो त्यांची मुळे तिथे आहेत. पण हे सांगून मी हॉलना उशिरा यश चिकटवत नाही. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. मरताना त्यांच्या हातात दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि तेवढ्यावरच, नगर घडण्याआधीच, ते विश्वासू होते.

याहून जवळचे आणि मला जास्त हलवणारे उदाहरण केडगावचे आहे. पंडिता रमाबाई म्हटले की आपल्यासमोर मुक्ती मिशन उभे राहते. १८९६-९७ चा दुष्काळ, मग १९०० चा, आणि त्यातून उचलून आणलेल्या शेकडो मुली. ते काम दिसणारे होते आणि जगभर दिसले. त्याआधीचे सहन करणे मात्र फार कोणी सांगत नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुली-विधवांसाठी शारदा सदन काढले, आणि १८९३ मध्ये सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गदारोळ झाला तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालक येऊन मुलींना घेऊन गेले. इकडे काही ख्रिस्ती पुढाऱ्यांना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. दोन्हीकडून बोलणी.

पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल. खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र असावे, असे त्यांनी मनावर घेतले. त्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास हाती घेतला. जिने लहानपणी भागवत मुखोद्गत केले होते, संस्कृतसाठी जिला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटले होते, ती बाई संस्कृतप्रचुर शब्द एकेक करून बाजूला काढत बसली, कारण दुष्काळातून आलेल्या मुलीला ते कळत नव्हते. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सगळे केडगावच्या छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या आणि बायकांच्या हातून. कान जवळजवळ गेले होते. पुढचा कारभार जिच्या हाती सोपवायचा ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. तरी बाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. पूर्ण ग्रंथ छापून निघाला तो त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये.

आणि मग? आपल्या मंडळ्यांत ते वाचले जाते का? व्यासपीठावर बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले. रमाबाईंचे भाषांतर अभ्यासकांना माहीत आहे, काही जुन्या घरांत जपून ठेवलेले आहे, पण रविवारच्या उपासनेत ते रुजले नाही. जवळजवळ दोन दशकांची मेहनत. एकाच बाईच्या आयुष्यात मुक्ती मिशन आणि हे भाषांतर शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक काम फोफावले, दुसरे कपाटात राहिले. दोन्हींमागचा विश्वासूपणा एकच होता. फळ पाहून बाईंचा विश्वासूपणा मोजायला गेलात, तर सकाळी त्या विश्वासू होत्या आणि दुपारी नव्हत्या असे म्हणावे लागेल. मला वाटते, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर या दोन कामांच्या शेजारात आहे.

शास्त्रात हेच पाहायचे तर यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक सलग वाचून काढा. योशीया राजाच्या तेराव्या वर्षापासून यरुशलेम पडेपर्यंत चाळीस वर्षे तो बोलला. ऐकले कोणी? छत्तिसावा अध्याय पाहा. हिवाळ्याचे दिवस, राजासमोर शेगडी पेटलेली, आणि यिर्मयाचा लेखनिक बारूख याने लिहिलेली गुंडाळी जसजशी वाचली जाते तसतसे तिचे तुकडे कापून राजा शेगडीत टाकतो. पुढे काय झाले? दुसरी गुंडाळी घेऊन सगळे पुन्हा लिहिले. नगर पडल्यावर, म्हणजे यिर्मयाचे म्हणणे खरे ठरल्यावर तरी लोकांनी ऐकावे! तेही नाही. त्यालाच सोबत ओढून मिसरात नेले, आणि शेवटचा तो दिसतो तेव्हाही समोरचे लोक तोंडावर सांगत असतात की तुझे आम्ही ऐकणार नाही. बारूखाला देवाने दिलेला निरोप पंचेचाळिसाव्या अध्यायात आहे, अवघी पाच वचने. तू आपल्यासाठी मोठ्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नको. पण जाशील तिथे तुझा जीव मी राखीन. या निरोपात रागापेक्षा मला काळजी जास्त ऐकू येते. देवाने त्या लेखनिकाच्या खांद्यावरचे एक ओझे उतरवून घेतले.

आता दुसरी बाजू, आणि ही स्पष्टच सांगायला हवी. लोक येत नाहीत म्हणून पाळक आपोआप विश्वासू ठरत नाही. ‘आम्ही संख्येच्या मागे लागत नाही’ या वाक्याआड पुष्कळ आळस लपतो. उपदेश शनिवारी रात्री मोबाईलवरून उचलायचा, आजाऱ्याच्या घरी महिनोन्‌महिने जायचे नाही, पंच कमिटीतल्या दोन घरांच्या भांडणात एका बाजूला उभे राहायचे, वर्गणीचा हिशेब तोंडी ठेवायचा, आणि मग मंडळी आटली की यिर्मयाचे नाव घ्यायचे, हा यिर्मयावर अन्याय आहे. म्हणून आधी स्वतःला तपासा, आणि तपासणी कोरड्या, रोजच्या गोष्टींची करा. आपल्या सभासदांपैकी कोण कर्जात आहे, कोणाच्या मुलीची सोयरीक मोडली, कोणाच्या घरात दारू शिरली, हे तुम्हाला माहीत आहे का? मागच्या रविवारचे वचन तुम्ही स्वतः आधी ऐकले होते का? हिशेबाची वही उद्या कोणी मागितली तर दाखवता येईल का? आणि एक अवघड प्रश्न: वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने चाललेली एखादी गोष्ट निव्वळ सवयीने चालू आहे का? गीते कोणाला येत नाहीत तरी तीच, उपासनेची वेळ कोणाला जमत नाही तरी तीच. बदलता येण्यासारखे असेल ते बदला. विश्वासूपणा म्हणजे हट्ट नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ओवी आणि अभंग ख्रिस्ती उपासनेत रुजवले, कीर्तने केली, तेव्हा तेही पुष्कळांना नवेच होते. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समाज मांडला, १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही, हेही लक्षात असू द्या. त्यांची गीते आपण दर रविवारी म्हणतो. दरबाराचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

एवढी तपासणी करून जे सुधारायचे ते सुधारले, आणि तरी आकडा हलला नाही, तर तो आकडा देवाकडे सोडा. तुमच्या पत्रावरून मला वाटते की तुम्ही या दुसऱ्या ठिकाणी आहात.

तक्त्याबद्दल. त्या रकान्यात शून्य असेल तर शून्य लिहा. दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आलेली सून ‘नवी सभासद’ म्हणून दाखवू नका, एकाच कुटुंबाला दोनदा मोजू नका, नाताळाची गर्दी नेहमीची उपस्थिती म्हणून लावू नका. असे तक्ते मी पाहिले आहेत, आणि ते भरणाऱ्यांची तगमगही पाहिली आहे; एकदा फुगवलेला आकडा पुढच्या वर्षी आणखी फुगवावा लागतो. तक्त्याच्या शेवटी शेऱ्यासाठी जागा असते, ती बहुतेक जण कोरी सोडतात. तिथे लिहा: अमुक इतकी कुटुंबे ऊसतोडीला गेली, इतक्या घरी प्रभुभोजन नेले, इतक्या आजाऱ्यांना भेटलो, इतके दफनविधी केले. कार्यालयात कोणी वाचो न वाचो. लिहिताना तुम्हालाच कळेल की वर्ष रिकामे गेलेले नाही.

फेलोशिपला जाणाऱ्या मुलांबद्दल तुमचे दुःख मला कळते. ज्यांना मांडीवर बसवून गीते शिकवली ती रस्त्यात भेटल्यावर नजर चुकवतात. पण व्यासपीठावरून त्या फेलोशिपविरुद्ध एक शब्दही काढू नका. तिथे ख्रिस्त सांगितला जात असेल तर आनंद माना, निदान तशी प्रार्थना करा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य तक्रार घेऊन आले होते की सगळे लोक आता येशूकडे जातात. त्यावर योहान म्हणाला, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. तुमच्या-माझ्या बाबतीत ऱ्हास करणारी शेजारची फेलोशिप असू शकते, हे गिळायला जड जाते, मला ठाऊक आहे. मुलांशी बोलणे तोडू नका. त्यांची आजी आजारी पडेल, वडिलांचे दफन करायचे असेल, तेव्हा ती तुमच्या दाराशी येतील, आणि त्या दिवशी त्यांना टोमणा ऐकू येता कामा नये.

ऊसतोडीबद्दल मात्र थोडे जास्त बोलतो, कारण आपल्या भागात दिवाळी ते गाळप संपेपर्यंत अर्धी मंडळी मंडळीच्या गावात नसते आणि आपण त्यालाच घसरण समजतो. लोक गेले कुठे? मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला जोडीने कोयता लावायचा. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. अशा तळावर मी रात्रीच्या प्रार्थनेला जात आलो आहे. चुलीसमोर बाई भाकरी थापत असते, मूल पाठीशी झोपलेले असते, आम्ही गीताचे पहिले कडवे म्हणतो. कधी पूर्ण उपासना होते. कधी मध्येच कोणीतरी ओरडतो, ‘गाडी आली!’ आणि सगळे उठून भरायला जातात, कारण गाडी थांबत नाही आणि भरली नाही तर खेप बुडते. बाई जाताना पिठाचे हात जोडून म्हणते, ‘पाळकसाहेब, तेवढा आशीर्वाद द्या, मी ऐकते जाता जाता.’ मी आशीर्वाद देतो तो तिच्या पाठीमागे. या उपासनेची नोंद कोणत्या रकान्यात करायची? त्यातून मंडळीत एकाचीही भर पडलेली नाही. पण ती बाई माझ्या मंडळीची आहे, आणि मेंढरे जिथे आहेत तिथे मेंढपाळाने जायचे असते. मी जातो ते एवढ्यासाठीच.

शक्य असेल तर तुम्हीही जा. रिकाम्या बाकांकडे पाहत डिसेंबर काढण्यापेक्षा हे शंभरदा बरे.

तुमच्या पत्रात एक ओळ मला बेचैन करून गेली. झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि पाळकीणबाईंशीही नीट बोलणे होत नाही असे तुम्ही लिहिले आहे. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने पहिल्यांदा उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतर. तेव्हा आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या, घरच्यांसोबत जेवा, आणि झोपेची तक्रार चालूच राहिली तर डॉक्टरांकडे जा. नैराश्य हा आजार आहे. तो पाळकालाही होतो, आणि औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. पगार उशिरा होतो तेव्हा किराणा उधारीवर आणण्यासाठी दुकानदाराकडे तोंड वेंगाडायला पाळकीणबाईंना लागते. त्यांच्या रागाला उत्तर म्हणून वचन सांगू नका. ऐकून घ्या. प्रार्थनेत रडायचे असेल तर रडा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी उजेड येत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

बदली मागावी का, असेही विचारले आहे. मागायला हरकत नाही. विश्वासू राहणे म्हणजे एकाच गावाला खिळून राहणे असे मी मानत नाही. पौलालाही आसियात बोलायला मनाई झाली, बिथुनियाची वाट बंद झाली, आणि तो दुसरीकडे गेला. फक्त निर्णय आता, मंडळी उठून गेलेली असताना आणि झोप उडालेली असताना घेऊ नका. पाडव्याच्या पुढेमागे लोक परत येतील, पुनरुत्थानाच्या रविवारी बाक भरतील. तेव्हा त्यांच्यात बसून, पंचांशी आणि घरात बोलून ठरवा. तेव्हाही जावेसे वाटले तर स्वच्छ मनाने जा, येणाऱ्या पाळकासाठी घरोघरची माहिती नीट लिहून ठेवा, आणि गेल्यावर त्या मंडळीत फोनवरून ढवळाढवळ करू नका.

तोवर एक करा. तुमच्या मंडळीतली कोणती कुटुंबे यंदा कोणत्या कारखान्याला गेली आणि त्यांचा मुकादम कोण, याची यादी मागे राहिलेल्या आजी-आजोबांकडून काढा. त्यांना सगळे ठाऊक असते. आमच्या बाजूच्या कारखान्यांवर असतील त्यांची नावे मला पाठवा. जानेवारीत दोघे मिळून त्यांच्या तळांवर जाऊ. प्रभुभोजनाचे साहित्य मी आणतो, तुम्ही बॅटरी आणि गीतांची पुस्तके घ्या. कोप्यांवर वीज नसते.